मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर व्हायचंय? ज्युनिअर मंडळी सतत विचारतात ते प्रश्न

मी एका मोठ्या प्रॉडक्ट कंपनीत (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या) इंजिनिअर आहे, इंटरव्ह्यू पण घेते, आणि प्लेसमेंट सीझन आला की व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. माझ्या कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. गूगल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्टबद्दल जे लिहिलंय ती उघड माहिती आहे, आतली गुपितं वगैरे काही नाहीत. आणि एक गोष्ट आधीच सांगते, इंटरव्ह्यू पास होणं आणि तिथं काम करणं या दोन पार वेगळ्या गोष्टी आहेत, बहुतेक जण पहिलीचीच तयारी करतात आणि जॉइन झाल्यावर सहा महिने गोंधळलेले असतात.

ताई, आमचं कॉलेज कुणाला माहीत पण नाही, रिझ्युमे उघडतील तरी का?

उघडतात, पण कमी वेळा, खोटं कशाला बोलू. या कंपन्या कॅम्पसला ठरावीक कॉलेजांत जातात आणि जिल्ह्याच्या गावातल्या प्रायव्हेट कॉलेजात कुणी येत नाही, त्यामुळे तुमचा रस्ता ऑफ-कॅम्पसचा, म्हणजे स्वतःहून अर्ज करायचा. त्यातला सगळ्यात भरवशाचा मार्ग मला विचारशील तर आधी पुण्यात बाणेर-खराडीकडच्या एखाद्या लहान प्रॉडक्ट कंपनीत दोन-तीन वर्षं नीट काम करायचं आणि मग अप्लाय करायचं. दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर कॉलेजचं नाव फार कमी लोक बघतात.

रिझ्युमे एका पानाचा ठेव. फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, 'हॉबीज: क्रिकेट आणि म्युझिक' हे सगळं उडव. 'ई-कॉमर्स वेबसाइट बनवली' यातून मला काही कळत नाही, अशा वेबसाइटी सगळ्यांनीच बनवल्यात. 'ऑर्डर सर्चला ४ सेकंद लागायचे, डेटाबेसला इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) टाकून २०० मिलिसेकंदांवर आणलं' असं असेल तर मी थांबून वाचते, आणि मग इंटरव्ह्यूत विचारते की कुठल्या कॉलमवर इंडेक्स टाकला आणि नवा डेटा लिहिताना त्याचा काय भुर्दंड पडला, तेव्हा जे स्वतः केलंय तेवढंच लिही.

रेफरल (कंपनीतल्या कुणीतरी केलेली शिफारस) कसा मागायचा?

'हाय दादा, जॉब आहे का' असा मेसेज पाठवू नकोस, त्याला कुणी रिप्लाय देत नाही. जॉब आयडी, रिझ्युमेची पीडीएफ आणि 'मी या रोलला का चालेन' हे तीन ओळींत. रेफरलने रिझ्युमे माणसाच्या डोळ्याखाली जाण्याची शक्यता वाढते, बास, पुढच्या राऊंडमध्ये त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि पैसे घेऊन रेफरल देणारे असतात त्यांच्या नादी लागू नका.

नेमके किती राऊंड असतात आणि सिलेक्ट कोण करतं?

आधी ऑनलाइन टेस्ट नाहीतर फोन स्क्रीन (फोनवरचा पहिला छोटा इंटरव्ह्यू), मग साधारण चार-पाच राऊंड, प्रत्येकी ४५ मिनिटं ते तासभर. गूगलने मागे स्वतःच्याच डेटावरून असं काढलं होतं की चार इंटरव्ह्यूंनंतर आणखी घेऊन निर्णयात फारसा फरक पडत नाही, त्याआधी लोकांना डझनावारी राऊंड द्यावे लागायचे. विमानात किती टेनिस बॉल मावतील असली कोडी पण तिथून गेली, त्यांच्या एचआर प्रमुखाने २०१३ मध्ये उघडच सांगितलं की त्यातून काही कळत नाही, तरी आपल्याकडे काही क्लासवाले अजून ती शिकवतात.

निर्णय कोण घेतं हे समजून घेणं जास्त महत्त्वाचं. गूगलमध्ये इंटरव्ह्यू घेणारा फक्त लेखी फीडबॅक देतो आणि ज्यांनी तुला बघितलेलंच नाही अशी हायरिंग कमिटी तो वाचून ठरवते. ॲमेझॉनमध्ये 'बार रेझर' असतो, दुसऱ्याच टीमचा अनुभवी माणूस, आणि मॅनेजरला सीट भरायची कितीही घाई असली तरी तो नकार देऊ शकतो. म्हणजे समोरच्यावर छाप पाडून भागत नाही, त्याला कागदावर लिहिता येईल असं काहीतरी तू बोलायला पाहिजेस. मी इंटरव्ह्यू घेताना अर्धा वेळ टाइप करत असते, ते मोबाइलवर चॅट करतेय असं समजून घाबरू नका.

लीटकोडचे (कोडिंग प्रश्नांची वेबसाइट) किती प्रश्न करू? ५०० पुरे का?

आकडा मोजणं सोड. १५०-२०० प्रश्न असे की महिन्याने परत दिले तरी कोऱ्या पानावर लिहिता येतील, ते ५०० पाठ केलेल्यांपेक्षा बरे. विषय म्हणशील तर ॲरे, हॅशमॅप, टू पॉइंटर, बायनरी सर्च, ट्री, ग्राफवर बीएफएस-डीएफएस (ग्राफ फिरायच्या दोन पद्धती), हीप (सगळ्यात लहान किंवा मोठा आकडा वर ठेवणारी रचना), थोडं डीपी म्हणजे डायनॅमिक प्रोग्रामिंग. सेगमेंट ट्री वगैरे कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रामिंगवाल्यांसाठी, आवड असेल तर कर.

सोपं वाटणारं कच्चं ठेवू नकोस. बायनरी सर्चच घे, सॉर्टेड यादीत दर वेळी निम्मा भाग वगळत शोधायचं. जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये बग होता आणि तो सुमारे नऊ वर्षं कुणाला दिसला नाही, तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉकने २००६ मध्ये स्वतः लिहून सांगितलं. मधली जागा काढायला शोधाच्या भागाची सुरुवात (लो) आणि शेवट (हाय) यांची बेरीज करून दोनने भागायचं, आणि ॲरे अवाढव्य असेल तर ती बेरीज २१४७४८३६४७ या जावाच्या पूर्णांकाच्या मर्यादेपुढे जाऊन निगेटिव्ह होते. इंटरव्ह्यूत कुणी स्वतःहून 'लो + (हाय - लो) / २' असं लिहिलं की मी लगेच नोंद करते.

समोर बसल्यावर उत्तरच सुचलं नाही तर?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर. समज विचारलं, मीटिंगच्या सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळा दिल्यात, कमीत कमी किती रूम लागतील. ज्याने हा प्रश्न आधी केलाय तो लगेच 'हीप' म्हणतो आणि कोड लिहायला लागतो, आणि मी विचारलं की हीपच का तर गप्प. दुसरी एखादी मुलगी आधी विचारते, १० ते ११ आणि ११ ते १२ या दोन मीटिंग एकाच रूममध्ये चालतील का? इनपुट सॉर्टेड आहे का? किती मोठं आहे? मग म्हणते, सगळ्यात साधं म्हणजे प्रत्येक मीटिंग सुरू होताना बाकी किती चालू आहेत ते मोजायचं, पण १ लाख मीटिंग असतील तर १००० कोटी तुलना होतील, ते चालणार नाही. मग तिला सुचतं की सुरुवातीच्या वेळा वेगळ्या सॉर्ट करू, शेवटच्या वेळा वेगळ्या, आणि दोन्हीवरून एकेक बोट सरकवत जाऊ, सुरुवात आली की एक रूम वाढव, शेवट आला की कमी कर, मधे जो मोठ्यात मोठा आकडा आला ते उत्तर. एकेका सॉर्टिंगचे साधारण १७ लाख टप्पे, झालं काम. तिचा कोड शेवटी पूर्ण झाला नाही तरी माझ्याकडे लिहायला पानभर असतं, पहिल्या मुलाबद्दल काय लिहू?

तर अडकलास की गप्प बसू नकोस, जे डोक्यात चाललंय ते बोल, चुकीचं असलं तरी. आम्ही हिंट देतो, हिंट घेणं म्हणजे मार्क गेले असं नसतं, पण हिंट कानावर पडून सुद्धा आपलंच घोडं पुढे दामटलं तर मात्र जातात. आणि कोड लिहून झाल्यावर 'डन' म्हणायच्या आधी एक छोटं उदाहरण घेऊन ओळ न् ओळ चालवून बघ. रिकामा ॲरे, एकच एलिमेंट, सगळे सारखे.

बाय द वे, हा सगळा प्रकार परफेक्ट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. होमब्रू (मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं लोकप्रिय टूल) लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेलला गूगलने नाकारलं होतं, बायनरी ट्री उलटा करण्याच्या प्रश्नावरून, आणि २०१५ मध्ये त्याचं ते ट्वीट जगभर फिरलं. चांगली माणसं सुटतात. कंपन्यांना ते माहीत आहे आणि चुकीचा माणूस आत येण्यापेक्षा बरा माणूस बाहेर राहिला तरी चालेल असा त्यांचा हिशोब असतो. म्हणून एकदा रिजेक्ट झालास तर सहा महिने-वर्षाने परत बस, कितीतरी जण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आत आलेत.

इंग्लिश कच्चं आहे, मराठी मीडियमची आहे मी.

ॲक्सेंटचे मार्क नसतात. छोटी वाक्यं बोल, 'फर्स्ट आय विल सॉर्ट, देन आय विल स्कॅन' एवढं चालतं, समोरचा कोरियन नाहीतर पोलिश असेल तर त्याचं इंग्लिश पण तसंच असतं. अडचण वेगळी येते, आपण मनात मराठीत विचार करतो आणि तोंडाने शांत राहतो. रोज एक प्रश्न मोबाइलवर रेकॉर्ड करत मोठ्याने इंग्लिशमध्ये सोडव, घरचे बघतील विचित्र नजरेने, बघू देत. लिहायचं इंग्लिश मात्र खरंच सुधारायला लागेल, ते का ते खाली कामाच्या प्रश्नात येतंय.

सिस्टीम डिझाइनला (मोठी सिस्टीम कशी उभी करशील हे विचारतात त्या राऊंडला) काय वाचू?

फ्रेशरला सहसा विचारत नाहीत. अनुभवी असशील तर 'लोड बॅलन्सर, काफ्का, रेडिस, मायक्रोसर्व्हिस' असे चौकोन काढण्याआधी आकडेमोड कर. गूगलच्या जेफ डीनने प्रसिद्ध केलेले काही अंदाजे आकडे पाठ असू देत: मेमरीतून वाचायला १०० नॅनोसेकंद, एकाच डेटा सेंटरमध्ये जाऊन-येऊन अर्धा मिलिसेकंद, फिरत्या डिस्कवर शोधायला १० मिलिसेकंद, कॅलिफोर्निया-नेदरलँड्स जाऊन-येऊन १५० मिलिसेकंद. दिवसाला १ कोटी रिक्वेस्ट ऐकायला मोठं वाटतं पण सेकंदाला सरासरी ११६ होतात, पीकला पाचपट धर, तरी एक बरा डेटाबेस बहुतेक वेळा झेपवतो. हे ज्याला सांगता येतं त्याला काफ्कासारखं जड सॉफ्टवेअर लागतच नाही हे पण सांगता येतं, आणि आम्हाला ते ऐकायला आवडतं.

बिहेवियरल राऊंड म्हणजे गप्पाच ना?

नाही! ॲमेझॉनमध्ये तर निम्मा इंटरव्ह्यू हाच असतो, त्यांची १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स (कामाची तत्त्वं) आहेत, वेबसाइटवर सगळी दिलेली आहेत, आणि प्रत्येक इंटरव्ह्यूअरला त्यातली काही वाटून दिलेली असतात. आपल्या लोकांचा घोळ असा होतो की सगळं 'आम्ही' मध्ये सांगतात. आम्ही मायग्रेशन केलं, आम्ही क्लायंटला डिलिव्हर केलं. घरी शिकवलेलं असतं ना, मी-मी करू नये. पण मला लिहायचं असतं की तू काय केलंस. मॅनेजरशी न पटलेला एक प्रसंग, डेडलाइन चुकलेला एक, स्वतः पुढाकार घेतलेला एक, कुणाला तरी मदत केलेला एक, असे सहा-सात प्रसंग खऱ्या आकड्यांसकट लिहून ठेव. खोटे प्रसंग तिसऱ्या 'का?' ला उघडे पडतात.

मी सर्व्हिस कंपनीत (दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामं करून देणाऱ्या) चार वर्षं सपोर्ट प्रोजेक्टवर आहे, माझं काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि तू समजतोस त्यापेक्षा तुझ्याकडे जास्त आहे. रात्री दोनला प्रॉडक्शन (लोक वापरतात ती चालू सिस्टीम) पडल्यावर लॉग चाळून कारण शोधणं हे कॉलेजमधून आलेल्या टॉपरला येत नसतं. फक्त 'तिकिटं (तक्रारी) क्लोज केली' असं लिहू नकोस, कुठली तिकिटं परत परत यायची आणि ती कायमची बंद व्हावीत म्हणून काय केलंस ते लिही. कोडिंगचा हात बसलेला नसेल तर रोजचे दोन तास, पाच-सहा महिने, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधले धरू नकोस.

आणि फेक एक्सपिरियन्स लावून देणाऱ्या कन्सल्टन्सीच्या वाटेला जाऊ नका. बॅकग्राउंड चेकला पीएफची हिस्टरी बघतात, ऑफर गेलीच पण नाव पण ब्लॅकलिस्ट होतं.

आत गेल्यावर काम काय असतं?

दुसऱ्याचा कोड वाचणं. खरंच, दिवसातला मोठा भाग तोच. गूगलने २०१६ मध्ये त्यांच्या कोडबद्दल पेपर छापला होता, त्यात जवळजवळ सगळ्या कंपनीची एकच रिपॉझिटरी (कोडचा साठा), सुमारे २०० कोटी ओळी, आणि २५ हजारांवर इंजिनिअर त्यात काम करत होते. अशा ठिकाणी नवीन काहीतरी लिहिण्याआधी ते कुणीतरी आधीच लिहिलंय का हे शोधायलाच अर्धा दिवस जातो. २०१८ च्या त्यांच्याच कोड रिव्ह्यूच्या (कोड आत घेण्याआधी दुसऱ्याने तपासायचा) अभ्यासात एका चेंजमधल्या बदललेल्या ओळींची मध्यक संख्या २४ आली होती. २४ ओळी! कॉलेजमध्ये एका रात्रीत २००० ओळी लिहिणाऱ्याला हे अपमानास्पद वाटतं. पण त्या २४ ओळींबरोबर टेस्ट असते, रिव्ह्यूमध्ये कुणीतरी व्हेरिएबलच्या नावावरून वाद घालतं, मग तो बदल आधी थोड्या सर्व्हरवर जातो, ग्राफ बघायचा, मग सगळीकडे. रिव्ह्यूत आलेल्या तीस कमेंट बघून पहिल्या आठवड्यात रडू येतं काही जणांना, तो तुझ्यावरचा राग नसतो, सीनिअर लोकांना पण येतात.

दुसरं म्हणजे लिहिणं. डिझाइन डॉक, स्टेटस, ईमेल. ॲमेझॉनमध्ये २००४ पासून वरच्या मीटिंगांत पॉवरपॉइंट बंद आहे, सहा पानी मेमो असतो आणि मीटिंगची पहिली काही मिनिटं सगळे गुपचूप तो वाचतात. तुझी आयडिया कितीही भारी असू दे, दोन पानांत समजेल अशी मांडता आली नाही तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लागते.

ऑन-कॉल म्हणजे रात्री उठावं लागतं का?

टीमवर अवलंबून आहे. सिस्टीम बिघडली तर धावून जायची पाळी असते, साधारण दर सहा-आठ आठवड्यांनी एक आठवडा, लॅपटॉप बरोबर घेऊनच लग्नाला जायचं. ९९.९ टक्के चालू ठेवायचं वचन असेल तर महिन्याला फक्त ४३ मिनिटं बंद पडायची सवलत असते, एका चुकीच्या डिप्लॉयमध्ये (नवा कोड चालू करण्यात) संपते ती. टीम निवडताना थेट विचार, गेल्या महिन्यात ऑन-कॉलला रात्री किती पेज (इमर्जन्सी अलर्ट) आले? उत्तर द्यायला का-कू केली तर समजून घे. सगळं शांत झाल्यावर पोस्टमॉर्टेम (काय बिघडलं त्याचा अहवाल) लिहितात, चांगल्या टीममध्ये त्यात माणसाचं नाव नसतं, सिस्टीमने ही चूक होऊच कशी दिली एवढंच असतं.

पॅकेज ५० लाख म्हणजे हातात किती?

५० नाही एवढं नक्की. सीटीसीमध्ये (कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) बेसिक, बोनस, पीएफ, ग्रॅच्युइटी, जॉइनिंग बोनस आणि शेअर्स म्हणजे आरएसयू सगळं कोंबलेलं असतं. आरएसयू चार वर्षांत मिळतात आणि दरवर्षी सारखेच असतील असं नाही. ॲमेझॉनची वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत ५, १५, ४०, ४० टक्क्यांची, म्हणजे ४० लाखांचे शेअर दिले तर पहिल्या वर्षी २ लाख, दुसऱ्या वर्षी ६ आणि मग १६-१६. पहिली दोन वर्षं कमी पडतं ते ते कॅश बोनसने भरतात. तर 'चार वर्षांची बेरीज भागिले चार' असं रिक्रूटर सांगत असेल तर वर्षागणिक टेबल मागून घे, मागायला लाजायचं काही कारण नाही.

टॅक्सचं पण बघ. शेअर ज्या दिवशी नावावर होतो त्या दिवसाच्या भावाने ती रक्कम पगारात धरली जाते, म्हणजे वरच्या स्लॅबला सेससकट ३१.२ टक्के, आणि कंपनी त्यातलेच काही शेअर विकून टीडीएस भरते. मग १०० शेअर सांगितले आणि परदेशी ब्रोकरच्या खात्यात ६८-६९ च कसे आले म्हणून घाबरू नकोस. नंतर विकलेस तर वाढीवर वेगळा टॅक्स, २४ महिन्यांनंतर विकले तर १२.५ टक्के. आणि आयटीआर-१ भरायचा नाही! परदेशी शेअर असले की आयटीआर-२ आणि त्यातलं शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता), आणि ते जानेवारी ते डिसेंबरच्या हिशोबाने भरतात, आपल्या एप्रिल-मार्चने नाही. गावाकडच्या ओळखीच्या सीएला हे माहीत असेलच असं नाही, आधी विचार. मोठी रक्कम दाखवायची राहिली तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो.

लेऑफ होतात ना, मग सरकारी नोकरी काय वाईट, असं बाबा म्हणतात.

बाबांचं चूक नाही. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजार लोक कमी करायचं जाहीर केलं, आणि त्यात चांगलं रेटिंग असलेले पण होते. काम चांगलं केलं की नोकरी टिकते असं गृहीत धरू नका. सहा महिन्यांचा खर्च बाजूला, घराचा ईएमआय बेसिक पगारावर बसेल एवढाच, शेअर्स धरून नाही, आणि आईबाबांचा हेल्थ इन्शुरन्स कंपनीच्या भरवशावर न ठेवता स्वतःचा वेगळा.

अमेरिकेला कधी पाठवतात?

'पाठवतात' हे सर्व्हिस कंपन्यांचं. इथे टीम बदलून जावं लागतं. भारतातल्या ऑफिसात सलग एक वर्ष झालं की एल-१ (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) चा विचार होऊ शकतो, मॅनेजर तयार असला तर. एच-१बी (कामाचा व्हिसा) वर्षाला नवे ८५ हजार आणि लॉटरी, त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून नव्याने अर्ज असेल तर १ लाख डॉलर फी लावली. ग्रीन कार्डला एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग पार लांब. म्युनिक, वॉर्सा, लंडन, सिडनी पण बघा की, सगळे कॅलिफोर्नियाच का म्हणतात कळत नाही.

आता एआय कोड लिहितोय, मग हे सगळं कशाला?

इंटरव्ह्यू चालू आहेत, आणि ऑनलाइन इंटरव्ह्यूत दुसऱ्या स्क्रीनवरून उत्तर वाचणारे इतके झाले की गूगलच्या सुंदर पिचाईंनी २०२५ मध्ये सांगितलं, निदान एक राऊंड समोरासमोर घ्यायला सुरुवात करतोय. वाचून दाखवणारा लगेच कळतो, डोळे डावी-उजवीकडे जात असतात आणि 'ही ओळ का?' ला उत्तर नसतं. कामात आम्ही पण वापरतो, भरपूर. पण त्याने लिहिलेल्या २०० ओळी रिव्ह्यू करून 'हे चालेल' म्हणून नाव टाकायचं असतं ते माणसाचं, आणि रात्री पेज त्याच माणसाला येतो.

ऑफर आली! नोटीस पिरियड ९० दिवस आहे, काय करू?

अभिनंदन. सहीचं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नकोस, फोनवरचं 'कन्फर्म आहे' हे कन्फर्म नसतं. मोठ्या कंपन्या सहसा ९० दिवस थांबतात, घाई असेल तर बायआउटचे (उरलेल्या नोटीस दिवसांच्या बदल्यात भरायचे) पैसे देतात का विचार. आत्ताच्या मॅनेजरने काउंटर ऑफर दिली ('थांब, पगार वाढवतो') तर माझं मत, घेऊ नकोस, पण घरची परिस्थिती तुला माहीत. रिलीव्हिंग लेटर मागून घे, शेवटच्या तीन स्लिपा आणि मागच्या वर्षांचे फॉर्म १६ निघायच्या आधीच डाउनलोड करून ठेव, नंतर लॉगिन बंद होतं आणि एचआर फोन उचलत नाही. पीएफ काढू नकोस, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर कर, एकूण पाच वर्षं व्हायच्या आत काढलास तर त्यावर टॅक्स लागतो.